पैनगंगेच्या दोन काठांवर

आई गेल्यापासून बाबांना घरात बसवत नव्हतं. उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, खुर्चीला टेकले न टेकले तोच पुन्हा उठायचे. सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं, आणि आता हातांना काही काम नव्हतं. लग्नानंतर मी हिंगोलीतच होते, दोन गल्ल्या सोडून. रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या त्या येरझारा बघायचे. नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली होती. जूनमध्ये आम्ही निघणार होतो, आणि बाबांना हे सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी तेच म्हणाले, "चल, नदीला जाऊन येऊ. माझ्या आजोळी."

तिथं सांगून टाकू, असं ठरवून मी स्कूटी काढली.

कळमनुरी मागे पडलं, मग गावं लहान होत गेली. शेवटी एका बांधाशी गाडी लावून आम्ही बाभळींतून खाली उतरलो. पुढे गाडीवाटच नव्हती, म्हणून या वाळूपर्यंत कुणाचा ट्रॅक्टर पोचला नव्हता. इतर ठिकाणी मी पैनगंगा पाहिली होती ती वाळू उपसून खड्ड्याखड्ड्यांची झालेली. इथं मात्र थेट वळणापर्यंत वाळू पसरलेली, वाऱ्यानं तिच्यावर बारीक घड्या पाडलेल्या. माणसाचं पाऊल कुठंच नाही. पाखरांच्या नखांच्या ओळी आणि एका ठिकाणी रानडुकरांनी उकरलेलं. मधून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. पलीकडे तशीच वाळू, पण तो काठ विदर्भाचा.

इतक्या मोकळ्या जागी माझा जीव शांत व्हायला हवा होता. झाला नाही. मी ओली वाळू मुठीत घेत होते, सोडत होते.

"बाबा."

"काय गं?"

"काही न्हाई. पाणी देऊ का?"

असं तीनदा झालं. तेवढ्यात पलीकडे टिटवी ओरडायला लागली. "अंडी असतील तिची," असं म्हणत बाबांनी पायजमा वर खोचला आणि पाण्यातून पलीकडे गेले. खाली वाकून, जपून पाय टाकत ते वाळूवर हिंडत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चालीत घाई दिसत नव्हती.

आधी पाण्यावर फेस आला. मग वाळक्या काड्या, पालापाचोळा. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, हे मला कळेपर्यंत काठाची वाळू ढासळायला लागली होती.

"बाबा, या! लवकर या!"

ते पाण्यात उतरले. गुडघ्यावर, मग मांडीपर्यंत. मध्यावर त्यांचा तोल गेला आणि मी चपला टाकून धावले.

"येऊ नको!" ते ओरडले. "तिथंच थांब!"

कसेबसे सावरून ते मागे फिरले आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसले. आमच्यामध्ये आता गढूळ पाणी जोरात वाहत होतं. त्यांचा मोबाईल माझ्या पर्समध्ये होता.

"पुलावरून येते!" मी ओरडले. "वर रस्त्यावर जाऊन थांबा!"

त्यांनी हात वर केला. ऐकू आलं की नुसताच केला, कळलं नाही.

पूल बराच लांब होता. वाटेत सारखं वाटायचं, पुन्हा पाण्यात उतरले तर? पलीकडच्या गावात दोनदा वाट चुकले. विचारत विचारत नदीकडे वळले तर एका शेतातल्या झोपडीसमोर बाबा बाजेवर बसलेले. कुणाचं तरी धोतर गुंडाळलेलं, ताटात भाकरी आणि ठेचा. घरधनीण समोर बसून त्यांना आग्रह करत होती आणि बाबा हसून काही सांगत होते.

मी गाडीवरून उतरले आणि रडायलाच लागले. "काहून गेलात तिकडं? वाहून गेला असता तर? आमी पुण्याला गेल्यावर तुमच्याकडं कोण बघल?"

त्यांचा घास हातातच राहिला. ती बाई उठून आत गेली.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"जूनमध्ये."

"मग आता रडून नको राहू. हात धू, जेव. भाकरी गरम हाय."

आम्ही घरी पोचलो. उतरल्यावर मी म्हटलं, "तुमी पण चला पुण्याला."

"न्हाई. तिकडं मी कुठं फिरू?"

जूनमध्ये आम्ही निघालो, बाबा राहिले. आता अधूनमधून बसनं ते एकटेच वाळूवर जातात. त्या झोपडीत त्यांची ओळख झाली आहे. तिथं रेंज नसते. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर मी भाजी निवडायला घेते, अर्धी टाकून गॅलरीत जाते, आत येते, पुन्हा फोन लावून बघते.