रस्त्याच्या कडेवरून काढलेली शेतं

नव्वदच्या दशकात दर रविवारी सकाळी माझे यजमान मला स्कूटरवरून दिंडोरीकडे घेऊन जात. मी शेतांची चित्रं काढायची. जागेवर बसून जलरंगात रेखाटन करायचं आणि घरी, फ्लॅटच्या काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत, त्यावरून मोठं तैलचित्र पुरं करायचं. नातेवाइकांत त्यांचं केवढं कौतुक! बायकोच्या छंदापायी सुटीचा दिवस देणारा नवरा. खोटं नव्हतं ते.

पण स्कूटर ते रस्त्याकडेच्या झाडाखालीच लावत. मी जरा आत शिरले की हाक यायची, "अगं, साप-किरडू असेल. इथूनच काढ की." पेपर वाचून संपला की घड्याळ बघणं सुरू. "झालं का? उरलेलं घरी कर."

उरलेलं म्हणजे बहुतेक सगळंच. द्राक्षवेलींच्या ओळींत ऊन कसं उतरतं, मला ठाऊकच नव्हतं. टर्पेंटाइनच्या वासात उभी राहून मी ते अंदाजानं रंगवायचे. प्रत्येक चित्रात पुढे तारेचं कुंपण, मागे लांबवर हिरवा पट्टा. ती सगळी भिंतीला टेकवून ठेवली की माझा जीव घुसमटायचा.

एका रविवारी, ते नोकरी करत त्या बँकेत, त्यांना जादा कामासाठी बोलावलं. मी एसटीनं गेले. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईंना विचारलं, "आत बसू का?"

"बसा की, कोन नाय म्हनतंय?" म्हणाल्या आणि पुन्हा शेंडे खुडू लागल्या.

मी वेलींच्या मांडवाखाली मातीतच बसले. पानांतून येणाऱ्या उजेडानं कागदसुद्धा हिरवट झाला होता. दुपार टळून गेली तरी मला पत्ता नव्हता.

घरी आले तर ते जेवायचे थांबलेले. "काळजीनं जीव अर्धा झाला गं," एवढंच म्हणाले. डोळे पाणावले होते. रागावले असते तर मी भांडले तरी असते.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर बागेत आले आणि माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. कागदभर काळी सावली पडली.

"आता बरं वाटतंय ना?"

मी हो म्हटलं आणि त्या सावलीतच रंग कालवायला घेतला.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. मग आम्ही बुधवारीही जाऊ लागलो.