मादी अज्ञात, नर अज्ञात

मी आयुष्यभर गांधीलमाश्यांना नावं ठेवली. लोक हे काम हौसेखातर करतात, माझी ती नोकरी होती. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, डांबरगोळ्यांच्या वासात, भिंगाला डोळा लावून, बारसं करायला एखादी नवी जात मिळते का, ते मी बघत बसायचो.

या माश्या घराच्या कोपऱ्यात पोळं करून डसणाऱ्या नव्हेत. मुंगीहून लहान, आणि आपली अंडी जिवंत अळीच्या पोटात घालणाऱ्या. पिल्लं अळीला आतून खातात, पण ती जगेल इतपत शिल्लक ठेवतात. कोश विणायची वेळ झाली की बाहेर पडतात, मग अळी मरते. मी घरजावई. हा विषय मी का निवडला असेल, हे सासरेबुवांनी मला कधीच विचारलं नाही.

माझ्या खात्यावर नव्या जाती दोनच. पहिली काळी, लांब मिशांची. सापडले ते सगळे नरच, म्हणून तिच्यावरच्या लेखात मी लिहिलं, ‘मादी अज्ञात.’ तीन वर्षांनी दुसरी सापडली, पिवळट पोटाची. तिला बायकोचं नाव दिलं आणि लिहिलं, ‘नर अज्ञात.’ दोन्ही जाती एकाच रानातल्या, दोन्ही ट्रे एकाच कपाटात, एकावर एक. बारा वर्षं ती मंडळी एका फळीच्या अंतरावर बसून होती, आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी हे काही मला सुचलं नाही.

आमच्याकडे माश्या कागदी त्रिकोणाच्या टोकावर चिकटवायचं काम एक बाई करायच्या. सगळे त्यांना डिंकबाई म्हणत. वीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही माशीची मिशी मोडली नव्हती. माझ्या हातून रोज मोडायची.

एका सोमवारी त्यांनी तोंडाला फडकं बांधलेली काचेची बरणी माझ्या टेबलावर ठेवली.

“सर, माझ्या खिडकीतल्या लिंबाच्या कुंडीत एक अळी होती. तिच्या अंगातून कोश निघाले, आणि काल त्यातून या माश्या. जरा बघता?”

मी बघितलं. काही काळ्या, काही पिवळट. “दोन जाती मिसळल्यात, बाई. अळ्या दोन असणार.”

“एकच होती. मी रोज तिला पान घालत होते.”

“मग दुसरी तुमच्या नजरेतून सुटली असेल.”

हे मी कुणाला सांगत होतो! त्या चिडल्या नाहीत. बरणी थोडी फिरवून म्हणाल्या, “मग हे काय चाललंय?”

एक काळा एका पिवळटीच्या पाठीवर चढला होता आणि दोघांचा संसार सुरू झाला होता.

“या दोन्ही एकच जात आहेत, असं तुम्हाला कधीपासून वाटत होतं?”

“तुमचा दुसरा ट्रे लावला तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले होते, सर. तुम्ही म्हणालात, ‘बाई, डिंक वाळतोय.’”

पुढचे चार महिने आम्ही त्यांच्या कुंडीवरच्या अळ्या वाढवल्या. दर खेपेला एकाच अळीतून दोन्ही रंग निघाले. नियम असा, की जुनं नाव राहतं, नंतरचं रद्द होतं. म्हणजे बायकोचं. शास्त्रातलं माझं निम्मं कर्तृत्व मलाच बुडवायचं होतं. त्याचं मला फारसं वाटलं नाही. घरी सांगायची मात्र धडकी भरली होती.

बायको मटार सोलत होती. ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे माझं नाव गेलं आणि त्या काळ्याचं राहिलं?”

“तुम्ही दोघं एकच आहात, असं सिद्ध झालंय.”

“लग्नातही हेच सांगितलं होतं. राहायला तुम्ही माझ्या घरी, आणि नाव मात्र माझंच जातं!” मग तिला इतकं हसू फुटलं की मटार टेबलाखाली गेले. मी ते गोळा केले. निदान ते तरी मला ओळखता येत होते.

लेख छापून आला. पहिलं नाव डिंकबाईंचं, दुसरं माझं. त्यांनी तो भिंगाखाली धरून सावकाश वाचला.

“सर, शेवटी तुमच्या दोन्ही जुन्या लेखांची नावं दिलीत.”

“द्यावी लागतात. चूक कुणी केली ते सांगायला हवं ना.”

“बरं झालं,” त्या अगदी मनापासून म्हणाल्या, “आता कुणीतरी वाचेल तरी.”