तिसरं झाड

आर्किटेक्चर कॉलेजातली आमची पुठ्ठ्याची शहरं तीस वर्षं मामांनीच सांभाळली. कुठं गोंद कमी पडलाय, हे शिपाई असूनही त्यांना सरांच्या आधी कळायचं.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी आमचं नदीकाठाचं मॉडेल टेबलावर ठेवलं. नकाशात काठ कोरा दिसला, म्हणून आम्ही तिथं स्पंजची हिरवी झाडं चिकटवली होती. जागेवर जाऊन बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. शहाणेच आम्ही!

मामा बराच वेळ वाकून बघत राहिले.

“काही चुकलं का, मामा?” मी विचारलं.

“नाही रे, झाडं झकास झालीत. फक्त हे तिसरं आमच्या स्वयंपाकघरात उगवलंय.”

ते झाड जरा हलत होतं. मामांनी गोंद लावून ते पक्कं बसवलं.