भिंतीतली किरणं

रेस्टहाऊसवर संध्याकाळी बोलायला कुणी नसलं, की दिवसभराचे किस्से मनात साठत जातात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका प्रयोगशाळेसाठी चंद्रपूर-गडचिरोलीत फिरायचो. दगडमातीतून, भिंतींतून निसर्गतःच थोडी किरणं निघतात, रेडॉन वायू येतो. घरांत आणि कामाच्या जागी ही दोन्ही किती आहेत, ते मोजायचं. सोबतीला जीपचे ड्रायव्हर रहीमभाऊ, बस्स!

*

मूल गावच्या एका राइस मिलमध्ये किरणं मोजायचा मीटर सुरू केला. टिकटिक ऐकताच मालक ओरडले, "बंद करा ते! किरणं निघून राह्यले!"

"मशीनमधून नाही हो, तुमच्या फरशीतून. मशीन फक्त मोजतं."

"मंग मोजू नका ना!"

*

घरांत आम्ही प्लास्टिकचे छोटे डबे टांगायचो. रेडॉनच्या खुणा टिपणारी आतली फिल्म तीन महिन्यांनी तपासायची. जिवतीकडे एका बाईंचा डबा इतका चकाचक, की मी खूशच झालो. जवळ गेलो तर वरून पिशवी, घट्ट बांधलेली!

"धूळ जाईल म्हून पह्यल्याच दिवशी बांधली, साहेब."

तीन महिने आमच्या फिल्मनं पिशवीतली हवा मोजली.

*

कोळसा खाणीतल्या एका कामगाराच्या घरचा आकडा खाणीपेक्षा जास्त निघाला. खाणीत मोठे पंखे हवा खेळवतात. घराला खिडकी एकच, तीही बंद. "घाबरू नका, खिडकी उघडी ठेवत जा," मी सांगितलं.

"साहेब, घरापेक्षा खाण बरी, हे माह्या बायकोसमोर सांगा. डबल ड्यूटी काऊन करता म्हून रोज भांडते!"

*

रहीमभाऊंनी माझ्यासाठी चंद्रपुरात एक स्थळ काढलं. माझ्या अंगात किरणं मुरली असतील, अशी मुलीच्या वडिलांना शंका. मी मीटर आणला. आधी त्यांच्या भिंतीला लावला, मग माझ्या छातीला.

"पाहा, तुमच्या भिंतीत आहेत तेवढीच."

"म्हंजे हायेतच ना!"

चहा मात्र छान होता.

*

सिरोंच्याजवळ गोदावरीकाठी राजक्का एकट्या राहायच्या. मुलगा नदीपलीकडे कामाला गेलेला, वर्ष वर्ष येत नसे. दर तीन महिन्यांनी मी डबा बदलायला जायचो. मी जायचो तेव्हा चुलीवर मासळीचा रस्सा तयार असायचा.

सर्व्हे संपला, तेव्हा शेवटचा डबा काढायला स्टुलावर चढलो.

"नवा कुठी हाये?" अक्कांनी विचारलं.

"आता नाही, अक्का. काम संपलं."

त्यांनी वरच्या खिळ्याकडे पाहिलं. "मंग तू कायले येशील?"

मी जीपकडे गेलो, डबा घेऊन आलो, खिळ्याला टांगू लागलो. स्टूल धरून उभे असलेले रहीमभाऊ हळूच म्हणाले, "सर, यात फिल्म नाई."

मी गाठ मारून खाली उतरलो.

"मंग, तीन मयन्यांनी?" अक्का रस्सा वाढत म्हणाल्या.

"हो अक्का. तीन महिन्यांनी."