कमलाक्कांचे विरोधक शोधताना

मिरजेहून सकाळची गाडी पकडली तेव्हा माझं मत ठरलेलं होतं. कमलाक्कांची नोंद वगळायची.

मी मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले, पण दुसऱ्यांच्या लेखनातलं खोडायची खोड काही गेली नाही. म्हणून एका ऑनलाइन विश्वकोशाचं काम हौसेनं करते. तिथे कुणीही नोंद लिहू शकतं आणि ती ठेवायची की वगळायची, हे आम्ही संपादक चर्चा करून ठरवतो. कसोटी साधी आहे: ज्यांचे त्या व्यक्तीशी काही लागेबांधे नाहीत अशा लोकांनी तिच्याबद्दल गांभीर्यानं छापील काही लिहिलंय का? मंडळी मला मागे ‘कात्री’ म्हणतात. पुढेही म्हणतात म्हणा.

धारवाडच्या वेदांतविदुषी कमलाक्का यांच्या नोंदीत पहिल्याच वाक्यात ‘परमपूज्य’, ‘ज्ञानभास्कर’ आणि ‘प्रातःस्मरणीय’ असे तिघे ओळीनं उभे होते. संदर्भ म्हणाल तर एकही नाही. मी ‘वगळा’ असं मत दिलं. त्यावर नोंद लिहिणाऱ्या वसुधाताईंचं उत्तर आलं, “चर्चा संपायच्या आत एकदा धारवाडला येऊन बघाच.” हे आमंत्रण की आव्हान, ते कळेना. पण पेढ्याच्या गावचं बोलावणं मी तरी मोडत नाही.

बेळगाव सोडलं की गाडी झाडीत शिरते. लोंढ्याला ओल्या पानांचा वास डब्यात येतो, अळणावरनंतर रान मोकळं होतं आणि धारवाड कधी आलं ते कळतही नाही. स्टेशनबाहेर मी रिक्षावाल्याला ऐटीत सांगितलं, “मळमड्डी. विदुषी अक्कांचं घर.”

“याव अक्का री? (कोणत्या अक्का हो?)” त्यानं विचारलं. “गाणं शिकवणाऱ्या, कन्नडच्या का संस्कृतच्या?”

मी संस्कृत म्हणाले आणि त्यानं मला एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या दारात उतरवलं. त्या बाईंनी मला आत बसवून चहा पाजला, स्वतःचे सुभाषितांवरचे लेख दाखवले आणि मग सांगितलं, “तुम्हाला पाहिजे त्या अक्का मागच्या गल्लीत.” मळमड्डीत विद्वानांना तोटा नाही. एवढ्या सगळ्यांच्या नोंदी करायच्या म्हटल्या तर आमचा विश्वकोश याच पेठेत संपेल, असं मनात म्हणत मी मागच्या गल्लीत गेले.

“बर्री, बर्री (या, या),” म्हणत वसुधाताईंनी फाटक उघडलं. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या या बाई अर्धं आयुष्य अक्कांपाशी वेदांत शिकल्या आहेत. कमलाक्का आत खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. किरकोळ अंग, पांढरा अंबाडा आणि समोरच्याला वाचून काढणारी नजर. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, “आधी जेवा. उपाशी माणसानं दिलेला निर्णय मी मानत नाही.”

जोळद रोट्टी (ज्वारीची पातळ भाकरी), एण्णेगायी (भरली वांगी), शेंगाचटणी आणि घट्ट दही. मी मुकाट्यानं जेवले आणि जास्तच जेवले.

जेवणं झाल्यावर वसुधाताईंनी पुरावे आणले. साठीची स्मरणिका, पंचाहत्तरीचा गौरवअंक, सहस्रचंद्रदर्शनाची पुस्तिका. प्रत्येक लेख कुणा ना कुणा शिष्याचा. पानापानांवर अक्का वात्सल्यसिंधू होत्या, पण त्यांनी नेमकं काय मांडलं ते एकानंही लिहिलं नव्हतं. सांगायला जड गेलं, तरी सांगितलं, “ताई, हे सगळं घरचं झालं. यातलं काहीच चालणार नाही.”

ताईंचा चेहरा उतरला. “मग अक्कांचं काही उरायचंच नाही का हो? मराठीत लिहिलं म्हणून इथल्यांनी छापलं नाही, इथे राहिल्या म्हणून तिकडच्यांनी विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत एवढं तरी व्हावं म्हणून मी टायपिंग शिकले.”

मला गलबलून आलं, पण नियम माझ्या गलबलण्यावर चालत नाहीत. शेवटचा उपाय म्हणून मी विचारलं, “अक्कांवर टीका कुणी केली आहे का?”

“छे! त्यांच्यावर कोण टीका करणार?”

“का गं?” खिडकीपासून आवाज आला. “हुबळीच्या मुकुंदाचार्यांनी अख्खं पुस्तक लिहिलंय की माझ्यावर.”

ताई लाल झाल्या. “ते मी घरात ठेवलं नाही, अक्का.”

मी पदर खोचून उठलेच. सगळी स्तुती गोळा करायची आणि जिची खरी गरज ती टीका गुरुभक्तीनं घराबाहेर काढायची! अशी चूक फक्त आपलीच माणसं करू शकतात.

दुपारच्या बसनं आम्ही दोघी हुबळीला निघालो. कोप्पीकर रोडवर उतरताना घाईत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी पाय ओढत मुकुंदाचार्यांच्या मुलाच्या चष्म्याच्या दुकानात शिरले. आचार्य दुपारचे तिथेच बसतात. अंधूक होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्याखाली ते पोथीत डोकं घालून बसले होते.

“काय री, बाईंची नोंद काढून टाकता म्हणे?” ताईंनी ओळख करून देताच ते कडाडले. “तसं केलात तर मी खंडन कुणाचं केलो? हवेचं?”

मी चपलेसकट गडबडले. त्यांनी माझ्यासाठी स्टूल मागवलं, गिरमिट (चिंचगुळाचं चुरमुऱ्यांचं खाणं) आणि मिरचीभजी मागवली आणि मग सांगायला बसले. कमलाक्का अद्वैती, जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या. आचार्य द्वैती. त्यांच्या मते ते दोन आणि कायमचे दोन. अक्कांचे लेख मराठी मासिकांत यायचे. ते नीट खोडता यावेत म्हणून आचार्य मराठी वाचायला शिकले. मग कन्नडमध्ये पुस्तक लिहिलं. ते बाहेरच्या प्रकाशकानं काढलं आणि म्हैसूरच्या एका तिसऱ्याच अभ्यासकानं या वादावर आपल्या ग्रंथात प्रकरण लिहिलं. दोन्ही पुस्तकं त्यांनी काउंटरवर ठेवली.

मला कन्नड ऐकून कळतं, वाचता येत नाही. तेव्हा वाचायचं आलं वसुधाताईंवर. गुरूंचं खंडन त्यांच्याच तोंडून! त्यांनी नाइलाजानं पुस्तक उघडलं आणि मराठीत सांगत वाचू लागल्या. शास्त्रात रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल इतकं चांगलं मांडायचं आणि मगच खोडायला घ्यायचं. आचार्यांनी अक्कांचा पूर्वपक्ष पानंच्या पानं मांडला होता. एकेक युक्तिवाद, त्यामागचं कारण, त्याचं सौंदर्यसुद्धा. ताईंचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

“हे आम्ही कुणी असं लिहिलंच नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही नमस्कार करत बसलात,” आचार्य म्हणाले. “मी वाचत बसलो.”

वसुधाताईंनी चष्म्याच्या दुकानातच डोळे पुसले. मला तर कधी नव्हे इतका अभिमान वाटला. आपल्या भाषेत इतकं पक्कं कुणीतरी लिहिलं, की त्याच्याशी भांडायला एक कन्नड विद्वान मराठी शिकला! कुठल्या शालीत आणि श्रीफळात हा मान मिळणार?

निरोप घेताना आचार्यांनी हळूच विचारलं, “बाईंची तब्येत बरी आहे ना? मला उत्तर म्हणून लिहिलेल्या परवाच्या लेखात एक जागा कच्ची सोडल्या त्यांनी. असं करत नाहीत कधी.”

धारवाडला परतेपर्यंत दिवेलागण झाली होती. अक्कांना सगळं सांगितलं. नोंद राहील, पण सगळी विशेषणं जातील आणि आचार्यांचे आक्षेप त्यात येतील, हेही सांगितलं. अक्कांच्या आधी ताईच म्हणाल्या, “येऊ देत. सविस्तर येऊ देत.”

अक्का माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “आचार्यांची नोंद आहे?”

“नाही.”

“मग माझी कशी करता? उद्या कुणी वाचेल आणि विचारेल, हिला अडवणारा कोण होता? मी काय रिकाम्या सभेत बोलत होते? आधी त्यांची लिहा. माझी थांबली तरी चालेल.”

आयुष्यभर वाट पाहून हाती आलेली गोष्ट त्यांनी पानात आणखी वाढायला नको म्हणावं तशी बाजूला सारली. मी वाकून नमस्कार केला. विश्वकोशाची संपादक असा नमस्कार करत नाही, मिरजेची बाई करते.

दुसऱ्या दिवशी सुभाष रोडवर पेढे घेतले, चप्पल शिवून घेतली आणि परतीच्या गाडीत बसले. खिडकीबाहेर ओलं रान मागे जात होतं आणि मी फोनवर माझं मत बदलत होते: ‘ठेवा. संदर्भ जोडत आहे.’ कात्री म्हणवून घेण्यात मला इतकी वर्षं मोठी ऐट वाटायची. या प्रवासात कळलं, की नियम माझा बरोबरच होता. खरा मान कोणता, हे त्यानंच तर दाखवलं.

घरी पोचल्यावर पाय धुतले आणि मुकुंदाचार्यांची नोंद लिहायला घेतली. एकही विशेषण न वापरता ती पुरी केली आणि चढवली. चहा टाकून येते तो आमच्यातल्या एका उत्साही संपादकाचा शेरा हजर: ‘ही व्यक्ती कोण? यांच्याबद्दल स्वतंत्रपणे कुणी लिहिलंय का? नसल्यास वगळा.’

मी खुर्ची पुढे ओढली. निघताना वसुधाताईंनी दिलेले अक्कांचे मराठी लेख समोर होतेच. आचार्यांना खोडून काढणारे, एकही जागा न सोडणारे, आणि सुरुवातीला त्यांचं म्हणणं मन लावून मांडणारे. मी उत्तर लिहिलं: ‘लिहिलंय. धारवाडच्या कमलाक्कांनी, आयुष्यभर.’