रानाकडं

आज लोणी कढवताना जरा करपलं आणि त्या वासासरशी मला फ्रान्समधलं क्लेअरबाईंचं स्वयंपाकघर आठवलं. अकरावीत असताना मी शिष्यवृत्तीवर तिकडच्या शाळेत गेले होते आणि एका शनिवार-रविवारी त्यांच्या घरी पाहुणी होते. रानात मजुरी करून मला शिकवणारे आबा मी निघाले तेव्हा अंथरुणावर होते. तरी 'जा' म्हणाले ते तेच.

क्लेअरबाई लोण्यात बटाटे परतत होत्या. मी अणशीला, आमच्या गावी, घरी फोन लावला.

"आई, आबा कुठं हायत?"

"गेल्यात."

"कुठं?"

आई म्हणाली, "रानाकडं."

"व्हय? म्हंजे बरं वाटाय लागलं म्हण की!" मी आनंदानं ओरडलेच.

आबा आदल्या दिवशीच वारले होते. क्लेअरबाईंना शाळेकडून ते कळलं होतं, पण मला सोमवारी शिक्षकांनीच सांगायचं ठरलं होतं. कढईतले बटाटे करपत होते आणि त्या हातात झारा घेऊन माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आमची भाषा त्यांना मजेशीर वाटत असेल.

"आई, आबा आले की सांग, मी बर्फ बघितला."

"सांगते की," आई म्हणाली.