आधी विचार, मग बोल

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. तिची वहिनी एवढंच म्हणाली, "मॅडम, ताई गेल्या..." आता काही आठवडे झाले. पण तिची आठवण आली की रडू येण्याआधी ती कॉलेजच्या व्हरांड्यातून धावत येताना दिसते, ओढणी एका खांद्यावर, काहीतरी नवीन सुचल्याच्या आनंदात.

बोरी अरबची ही मुलगी पुण्यातली नोकरी सोडून यवतमाळला आमच्या कॉलेजात शिकवायला आली, ते कापसाचे फार वाईट दिवस होते. तिच्या पीएचडीचा विषय होता, दूरदूरच्या संगणकांपैकी एखादा मध्येच बंद पडला तरी सगळ्यांचं एकमत कसं टिकवायचं. मार्गदर्शक म्हणाले, जिथे वीज टिकत नाही तिथे हे संशोधन कसं होणार? ती हसली. "सर, तिथं मशीन बंद पाडावी लागत नाही. आपोआप पडते!"

बोरी अरब, ढाणकी, मुकुटबन अशा जिल्ह्याच्या तीन टोकांना तिने जुने संगणक बसवले, टेलिफोनच्या तारेने जोडले. उद्या कापसाचं कोणतं खरेदी केंद्र सुरू, कोणतं बंद, हे तिन्हीकडे सारखंच दिसायला हवं होतं; त्या वर्षांत लोक भरल्या गाड्या घेऊन जायचे आणि बंद फाटकासमोर ताटकळायचे. सुरुवातीलाच मुकुटबनला घोटाळा झाला. दुपारभर वीज नव्हती; आली तेव्हा संगणकाने जुनीच बातमी दाखवली. त्या भरवशावर गेलेल्या गाड्या भरल्याच परत आल्या. एक म्हातारे शेतकरी तिला म्हणाले, "बाई, तुमच्या डब्ब्यापायी आमची फेरी वाया गेली. काहून ठेवला हा इथं?" तिने हात जोडले. परतीच्या एसटीत, वणी सुटल्यावर, ती एकदम माझा दंड धरून म्हणाली, "अवं, झोपेतून उठल्या उठल्या कोणी गावाले बातमी सांगते का? आधी बाकीच्यायले विचारन ना, मी झोपलो व्हतो तवा काय झालं!"

तिने सगळा प्रोग्राम पुन्हा लिहिला. पुढच्या चाचणीला मी मुकुटबनला, ती यवतमाळला फोनवर. वीज गेली. केंद्र बंद राहणार असल्याची सूचना बाकीच्या दोन संगणकांना पोचली. वीज आली... पडदा कोराच. तेच शेतकरी गाडी जुंपून माझ्याकडे बघत उभे. आणि मग अक्षरं उमटली : उद्या बंद. मी फोनमध्ये ओरडले, पलीकडून ती माझ्यापेक्षा मोठ्यानं! म्हाताऱ्यांनी बैल सोडले. "आता बरोबर बोलला डब्बा."

उठण्याच्या त्या नियमावर तिचा प्रबंध उभा राहिला, परदेशातल्या परिषदेत शोधनिबंध वाचला गेला. मोठ्या संस्थांनी बोलावलं. ती यवतमाळ सोडून गेली नाही.

शनिवारी सकाळी तिच्या खोलीत विद्यार्थी आपापलं काम फळ्यावर समजावत. ती शेवटच्या बाकावर बसायची आणि सगळं कळलेलं असतानाही, बुजलेल्या एखाद्या पोरासाठी स्वतःच हात वर करायची, "मले नाही समजलं. पुन्हा सांग." परवा ती खोली आम्ही पुन्हा उघडली. तिचा शेवटचा संशोधक विद्यार्थी फळ्यापाशी भरभर बोलत होता, मध्येच डोळे पुसत. मागून पहिल्या वर्षाच्या एका मुलीने हात वर केला.

"दादा, मले नाही समजलं..."

त्याने फळा पुसला, आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.